बग कुठे पकडायचा ते आधी ठरवा, टूल मग निवडा

सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेचा विषय निघाला की गाडी लगेच टूलवर येते. स्क्रीनवरून टेस्ट करायला सेलेनियम घ्यायचं की प्लेराइट, कोड तपासायला सोनारक्यूब बसवायचं का, कव्हरेज (टेस्टमध्ये चाललेल्या कोडचं प्रमाण) किती टक्के ठेवायचं. हे प्रश्न रास्त आहेत, पण ते दुसऱ्या नंबरचे. प्रत्येक टूल ठरावीक जातीची चूक (बग) पकडतं आणि बाकीच्या चुकांकडे ढुंकूनही बघत नाही. त्यामुळे आपल्याकडे कोणत्या जातीच्या चुका होतात हे माहीत नसताना टूल निवडणं म्हणजे अंदाजपंचे काम.

१९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी पोचताना नष्ट झालं. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने थ्रस्टरच्या आवेगाचे आकडे पाउंड-फोर्स सेकंदात दिले. ते आकडे वापरणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरने ते न्यूटन-सेकंद आहेत असं धरलं. दोन्ही बाजूंचे सगळे युनिट टेस्ट (कोडचा एकेक छोटा तुकडा सुटा तपासणारे टेस्ट) पास असते तरी यान वाचलं नसतं, कारण चूक दोघांच्या सांध्यात होती. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार कंपनीचा नवा कोड ८ पैकी ७ सर्व्हरवर चढला आणि आठव्यावर जुनाच राहिला. नव्या कोडने एक जुना फ्लॅग (चालू-बंदची खूण) नव्या कामासाठी वापरला होता; आठव्या सर्व्हरवर त्याच फ्लॅगने वर्षानुवर्षं वापरात नसलेलं फंक्शन जागं केलं. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. इथे घोळ डिप्लॉयमेंटमध्ये, म्हणजे कोड सर्व्हरवर चढवण्यात होता. नव्या कोडला कितीही टेस्ट लिहिले असते तरी आठव्या सर्व्हरवरचा जुना कोड त्यांना दिसला नसता.

पायरी १: जुने बग काढून बसा

आपल्या बग ट्रॅकरमधले (बगच्या नोंदवहीतले) शेवटचे ४०-५० दुरुस्त झालेले बग एका स्प्रेडशीटमध्ये घ्या. चार रकाने पुरे: काय बिघडलं, का बिघडलं, कुठे सापडलं, आणि सगळ्यात लवकर कुठे सापडू शकलं असतं. चौथा रकाना भरताना टीममध्ये वाद होतात आणि ते व्हायला हवेत.

भरून झालं की गठ्ठे दिसू लागतात. काही बग गरज नीट न कळल्याने आलेले, काही सीमेवरच्या किमतींचे, काही दोन सेवांच्या मधले, काही एकाच वेळी दोघांनी एकच नोंद बदलल्यामुळे झालेले, काही निव्वळ कॉन्फिगरेशनचे. ज्या गठ्ठ्यात जास्त बग आहेत किंवा ज्याचे बग जास्त महाग पडले, तिथून कामाला लागायचं. पुढच्या पायऱ्या मी साधारण कामाच्या क्रमाने लिहिल्या आहेत, पण तुमचा गठ्ठा सातव्या पायरीत असेल तर थेट तिथे उडी मारा.

एक सावधगिरी. बग ट्रॅकरमध्ये बहुतेक वेळा ‘चालत नाही’ एवढंच नोंदवलेलं असतं; ‘हळू चालतं’, ‘बदलायला अवघड जातं’ हे तिथे क्वचितच येतं. आयएसओ २५०१० या मानकाच्या २०२३ च्या आवृत्तीत गुणवत्तेचे नऊ पैलू दिले आहेत आणि काम बरोबर होणं हा त्यातला फक्त एक. वेग, सुरक्षा, विश्वासार्हता, देखभालीची सोय हे बाकीच्यांत येतात. ती यादी एकदा नजरेखालून घाला, म्हणजे ट्रॅकरमध्ये कधीच न आलेल्या तक्रारी आठवतील.

पायरी २: कोडच्या आधी उदाहरणं लिहा

‘पासवर्ड ८ ते ६४ अक्षरांचा असावा.’ गरज म्हणून हे वाक्य स्वच्छ वाटतं. हाच नमुना धरून पुढे जाऊ.

पहिलं तंत्र समान गटांचं. आठपेक्षा कमी, ८ ते ६४, आणि ६४ पेक्षा जास्त असे तीन गट. प्रत्येक गटातली एखादी किंमत तपासली की त्या गटाचं काम बऱ्यापैकी झालं. दुसरं तंत्र सीमेवरच्या किमतींचं. चुका काठावर होतात, कारण ‘पेक्षा मोठा’ आणि ‘पेक्षा मोठा किंवा तेवढाच’ यात हात चुकतो. म्हणून ७, ८, ६४ आणि ६५ या चार लांबी तपासायच्याच. रिकामी पेटी आणि नुसत्या स्पेसचा पासवर्ड हेही यादीत घाला.

आता खरा प्रश्न: अक्षर म्हणजे काय? ‘क्षि’ हे वाचणाऱ्याला एक अक्षर. युनिकोड या लिपिचिन्हांच्या मानकात ते चार कोडपॉइंट (क्रमांक दिलेली चिन्हं) आहेत: क, हलन्त, ष आणि वेलांटी. यूटीएफ-८ या नेहमीच्या साठवण पद्धतीत ठेवलं तर १२ बाइट. तीन मोजण्या, तीन उत्तरं. फॉर्म एका पद्धतीने मोजतो, सर्व्हर दुसऱ्या, डेटाबेस तिसऱ्या, आणि तिघंही आपापल्या जागी ‘बरोबर’ असतात. हा बग कोड लिहिण्याआधी, गरज वाचताना, पाच मिनिटांच्या बोलण्यात सुटू शकतो. गरज सांगणारा, कोड लिहिणारा आणि तपासणारा असे तिघं एकत्र बसा आणि प्रत्येक नियमाला निदान एक होकाराचं आणि एक नकाराचं उदाहरण लिहा. गर्किनच्या (‘असं असताना, असं केलं, तर असं व्हावं’) साच्यात लिहा किंवा साध्या तक्त्यात, फरक पडत नाही. मला तक्ता बरा वाटतो, कारण तो वाचायला कुणाला शिकवावं लागत नाही.

नियमांत अटी एकमेकींत गुंतल्या असतील (सदस्य आहे का, मुदत संपली का, आधी सवलत घेतली का) तर निर्णय तक्ता काढा. तीन होय-नाही अटी म्हणजे आठ ओळी, आणि त्यातल्या एखाद्या ओळीचं उत्तर कुणालाच माहीत नसतं. पर्याय फारच वाढले तर जोड्यांचं तंत्र वापरा: चार सेटिंग, प्रत्येकीला तीन पर्याय, म्हणजे सगळे मेळ ८१, पण कोणत्याही दोन सेटिंगची प्रत्येक जोडी निदान एकदा यावी एवढंच मागितलं तर ९ मेळांत भागू शकतं. मायक्रोसॉफ्टचं पिक्ट हे मोफत टूल असे मेळ काढून देतं.

पायरी ३: यंत्राला जमतं ते यंत्राकडे द्या

कोड न चालवता त्यातल्या चुका शोधणं ही जुनी कल्पना आहे. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी लिंट लिहिलं ते १९७० च्या दशकात. आज जावास्क्रिप्टसाठी ईएसलिंट, पायथनसाठी रफ आणि मायपाय, जावासाठी स्पॉटबग्ज, अनेक भाषांसाठी सोनारक्यूब किंवा सेमग्रेप असे पर्याय आहेत. फॉरमॅटर (मांडणी एकसारखी करणारा), लिंटर (लिंटसारखा चुका शोधणारा) आणि टाइप चेकर (मजकुराच्या जागी आकडा अशा गल्लती पकडणारा) हे तिन्ही पहिल्याच आठवड्यात बसवा. खर्च नगण्य, आणि रिव्ह्यूमध्ये कंस कुठे असावा यावर होणारी भांडणं कायमची मिटतात.

जुन्या प्रकल्पावर लिंटर पहिल्यांदा चालवला की हजारो इशारे येतात आणि लोक तो मुकाट्याने बंद करतात. असं करू नका. आजच्या इशाऱ्यांची यादी आधाररेषा म्हणून गोठवा आणि फक्त नव्या किंवा बदललेल्या ओळींवर नियम लावा. निरुपयोगी वाटणारे नियम बेधडक बंद करा. वीस नियम पाळले जाणं हे दोनशे नियम दुर्लक्षित राहण्यापेक्षा केव्हाही चांगलं.

पायरी ४: रिव्ह्यू

आयबीएममधल्या मायकेल फॅगन यांनी कोड तपासणीची शिस्तबद्ध पद्धत १९७६ मध्ये मांडली: ठरलेल्या भूमिका, बैठका, नोंदी. आजचा पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घेण्याआधी सहकाऱ्यांपुढे ठेवणं, तिचा सुटसुटीत वारस. त्यात दोन गोष्टी सांभाळा. बदल लहान ठेवा. चाळीस ओळींवर दहा सूचना येतात आणि दोन हजार ओळींवर ‘छान दिसतंय’ एवढंच येतं. आणि रिव्ह्यू करणाऱ्याने आधी टेस्ट वाचावेत, मग कोड. टेस्ट वाचून बदल काय करतो हे कळत नसेल तर तीच पहिली सूचना.

माणसाने बघायचं ते यंत्राला न दिसणारं: चूक झाली तर काय होईल, हेच दोनदा चाललं तर काय होईल, मधेच बंद पडलं तर डेटा कुठल्या अवस्थेत राहील.

पायरी ५: युनिट टेस्ट, आणि टेस्टचीही परीक्षा

पायथनमध्ये पायटेस्ट, जावात जेयुनिट, जावास्क्रिप्टमध्ये जेस्ट किंवा व्हायटेस्ट. चौकट कोणतीही चालेल, सवयी महत्त्वाच्या. एका टेस्टमध्ये एकच गोष्ट तपासा. नाव असं द्या की टेस्ट लाल (म्हणजे फेल) झाल्यावर आत न डोकावता काय मोडलं ते कळावं. घड्याळ, यादृच्छिक आकडे आणि नेटवर्क बाहेरून पुरवा. फंक्शनने स्वतःच ‘आत्ता किती वाजले’ विचारलं तर महिनाअखेरचा बग महिनाअखेरीलाच सापडणार. आणि प्रत्येक टेस्ट एकदा तरी मुद्दाम फेल होताना बघा. कोडमध्ये चूक घाला, टेस्ट चालवा, लाल दिसला की चूक काढा. कधीच लाल न झालेला टेस्ट नेमकं काय तपासतो हे कुणी सांगू शकत नाही.

मॉकबद्दल, म्हणजे टेस्टपुरत्या उभ्या केलेल्या नकली भागांबद्दल, माझं मत थोडं कडक आहे. ज्या टेस्टमध्ये चार मॉक आहेत तो बहुधा मॉकच तपासत असतो. बाहेरच्या सेवेला मॉक करा, स्वतःच्याच शेजारच्या क्लासला शक्यतो नको.

कव्हरेज नक्की मोजा, पण त्याचा अर्थ समजून. ८० टक्के कव्हरेज म्हणजे टेस्ट चालताना ८० टक्के ओळी चालल्या; त्यांचं उत्तर बरोबर आलं का हे कुणी तपासलं असेलच असं नाही. एकही असर्ट (उत्तर पडताळणारी ओळ) नसलेला टेस्टसुद्धा कव्हरेज वाढवतो. म्हणून उरलेल्या २० टक्क्यांत काय आहे ते बघा आणि टक्क्याचं उद्दिष्ट लोकांच्या मूल्यांकनाला जोडू नका. जोडलंत की असे पोकळ टेस्ट दुसऱ्या दिवशी हजर होतात.

टेस्टचा दम बघायचा असेल तर म्युटेशन टेस्टिंग करा. टूल तुमच्या कोडमध्ये मुद्दाम छोटे बिघाड करतं, म्हणजे ‘८ किंवा जास्त’ याचं ‘८ पेक्षा जास्त’ करतं, आणि टेस्ट पुन्हा चालवतं. एकही टेस्ट लाल झाला नाही तर आठ अक्षरांचा पासवर्ड कुणी तपासलेलाच नाही हे उघड होतं. जावासाठी पिटेस्ट, जावास्क्रिप्ट आणि सी-शार्पसाठी स्ट्रायकर, पायथनसाठी म्युटमट आहे. हे हळू चालतं, त्यामुळे सगळ्या कोडवर लावू नका. हिशोब, परवानग्या आणि नियम जिथे आहेत तेवढ्या मोड्यूलवर आठवड्यातून एकदा पुरे.

या पायरीवरचं सगळ्यात कमी वापरलं जाणारं आणि मला सगळ्यात आवडणारं तंत्र म्हणजे गुणधर्मांवर आधारित टेस्ट. त्याची सुरुवात हॅस्केल भाषेतल्या क्विकचेकपासून झाली. कूएन क्लासन आणि जॉन ह्यूज यांनी ते २००० मध्ये मांडलं. पायथनमध्ये हायपोथेसिस, जावात जेक्विक, जावास्क्रिप्टमध्ये फास्टचेक. इथे तुम्ही उदाहरणं देत नाही, नियम सांगता. उदाहरणं टूल तयार करतं आणि नियम मोडणारं सापडलं की ते शक्य तितकं लहान करून दाखवतं.

आपल्या पासवर्डचा नियम असा लिहू: ८ ते ६४ कोडपॉइंटचा कोणताही पासवर्ड घेऊन नोंदणी करा; त्याच पासवर्डने लॉगिन झालंच पाहिजे, आणि शेवटचा कोडपॉइंट बदलून लॉगिन केलं तर ते नाकारलंच गेलं पाहिजे. निरुपद्रवी दिसतं. पण पासवर्ड सांकेतिक रूपात साठवायला बीक्रिप्ट ही पद्धत वापरली असेल तर ते पहिले ७२ बाइटच विचारात घेतं. काही लायब्ररी त्याहून लांब पासवर्डला एरर देतात, अनेक मात्र पुढचा भाग गुपचूप सोडून देतात. देवनागरीत एक कोडपॉइंट ३ बाइटचा, म्हणजे २४ कोडपॉइंटनंतर काय टाइप केलं याला अर्थच उरत नाही. पंचविसावा चुकला तरी दार उघडतं. ७, ८, ६४, ६५ या चार किमती नुसत्या रोमन अक्षरांत तपासणाऱ्याला हा बग सापडणार नाही. वरचा नियम सर्व प्रकारच्या अक्षरांवर चालवला तर सापडतो.

पायरी ६: सांधे तपासा

सोयीसाठी टेस्टमध्ये एसक्यूलाइट हा हलका डेटाबेस आणि प्रत्यक्षात पोस्टग्रेस हा मोठा, ही जोडी फार दिसते. एसक्यूलाइट कॉलमला दिलेली लांबीची मर्यादा पाळत नाही. पोस्टग्रेस पाळतं आणि अक्षरांत मोजतं. ओरॅकल डेटाबेसची मूळ सेटिंग तीच मर्यादा बाइटमध्ये मोजते. म्हणजे आपला ‘क्षि’ इथे पुन्हा आडवा येतो. टेस्टकंटेनर्स हे टूल वापरून खऱ्याच डेटाबेसची, खऱ्याच आवृत्तीची प्रत टेस्टपुरती उभी करा. काही सेकंद जास्त जातात, ते जाऊ द्या.

दोन टीमच्या सेवा एकमेकींशी बोलत असतील तर पॅक्टसारखं करार तपासणारं टूल घ्या. ग्राहक सेवा ‘मला ही फील्ड या स्वरूपात लागते’ असं लिहून ठेवते आणि पुरवठादार सेवेच्या पाइपलाइनमध्ये (बदलांवर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांच्या साखळीत) तो करार तपासला जातो. आकड्यांसोबत एककही करारात लिहा. मंगळाचं यान आठवा.

पायरी ७: स्क्रीनवरून टेस्ट, पण मोजकेच

प्लेराइट, सायप्रेस, सेलेनियम यांपैकी नवीन सुरुवात असेल तर मी प्लेराइट घेईन: घटक तयार होईपर्यंत ते आपणहून थांबतं आणि फेल झालेल्या टेस्टचा पूर्ण माग दाखवतं. संस्थेत सेलेनियमचा मोठा साठा आधीच असेल तर केवळ फॅशन म्हणून सगळं पुन्हा लिहू नका.

नोंदणी, लॉगिन, पैसे भरणं असे ज्यांच्यावाचून धंदा थांबेल तेवढेच मार्ग घ्या, दहा-पंधरा. घटक शोधताना सीएसएसच्या (पानाच्या रचनेतल्या पत्त्यांच्या) लांबलचक साखळीऐवजी बटणाची भूमिका आणि दिसणारं नाव वापरा. ‘तीन सेकंद थांब’ अशी ओळ कुठेही दिसली तर काढून टाका. कशासाठी थांबायचं ते लिहा.

कधी पास, कधी फेल होणारे टेस्ट हा इथला मोठा रोग. हिशोब करून पाहा: २०० टेस्ट आहेत आणि प्रत्येक टेस्ट हजारात फक्त पाच वेळा उगाच फेल होतो. तरीही पूर्ण संच हिरवा येण्याची शक्यता ३७ टक्क्यांच्या आसपास राहते. तीनपैकी जवळजवळ दोन वेळा पाइपलाइन विनाकारण लाल. मग लोक ‘पुन्हा चालव’ बटण दाबायला शिकतात, आणि खरा बग आला तरी तेच बटण दाबतात. असा टेस्ट दिसला की त्याच दिवशी वेगळ्या गटात काढा, त्याला मालक आणि तारीख द्या. तारखेपर्यंत दुरुस्त झाला नाही तर डिलीट करा.

पायरी ८: सुरक्षा आणि वेग

सी किंवा सी++ असेल तर ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं टूल) आणि फझिंग दोन्ही हवेतच. फझिंगमध्ये टूल विचित्र इनपुटचा मारा करून प्रोग्रॅम कोसळतो का ते बघतं. एएफएल++ आणि लिबफझर ही नेहमीची नावं. २०१४ मध्ये उघडकीला आलेला ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीतला हार्टब्लीड हा याच जातीचा बग होता: समोरच्याने सांगितलेली लांबी न पडताळता तेवढी मेमरी परत पाठवली जात होती. वेब ॲपसाठी झॅप हे सुरक्षेच्या त्रुटी शोधणारं टूल चालवा, आणि जुन्या धोकादायक लायब्ररी शोधायला डिपेंडाबॉट किंवा ट्रिव्ही लावा.

वेगासाठी के-सिक्स, जेमीटर, गॅटलिंग, लोकस्ट यांपैकी काहीही चालेल, फक्त सरासरी बघू नका. १०० विनंत्यांपैकी ९५ ना १०० मिलिसेकंद आणि ५ ना ४ सेकंद लागले तर सरासरी येते २९५ मिलिसेकंद, म्हणजे कुणालाही न आलेला अनुभव. ९५ वा आणि ९९ वा पर्सेंटाइल (९५ आणि ९९ टक्के विनंत्या किती वेळात उरकल्या ते) बघा, आणि मर्यादा टेस्टमध्येच लिहा म्हणजे ओलांडली की पाइपलाइन लाल होईल.

पायरी ९: माणसाने बसून शोधणं

चांगला टेस्टर कागदावरची केस टिकमार्क करत बसला तर त्याचं कसब वाया जातं. त्याला तास-दीड तासाचं सत्र आणि एक दिशा द्या: ‘नेटवर्क मधेच तुटलं तर पैसे भरण्याचं काय होतं ते शोध.’ सत्र संपल्यावर काय पाहिलं, काय राहिलं, काय खटकलं याची अर्ध्या पानाची नोंद. दोन टॅब उघडून एकाच वेळी सबमिट करणं, मागे जाण्याचं बटण, फोनचं घड्याळ पुढे करणं, खूप लांब नाव चिकटवणं: हे उद्योग टूलला सुचत नाहीत.

पायरी १०: पाइपलाइन आणि रिलीज

पाइपलाइन जेनकिन्सवर असो, गिटलॅबवर किंवा गिटहब ॲक्शन्सवर, क्रम सारखाच: लिंट आणि टाइप, मग युनिट, मग सांध्याचे टेस्ट, शेवटी स्क्रीनचे. पहिल्या दोन टप्प्यांचं उत्तर दहा मिनिटांत आलं नाही तर लोक दुसऱ्या कामाला लागतात. जुना, चालता टेस्ट कोणत्या कमिटने (कोडच्या नोंदवलेल्या बदलाने) मोडला हे कळत नसेल तर गिट बायसेक्ट वापरा. हजार कमिटमधून दोषी शोधायला साधारण दहा फेऱ्या लागतात.

रिलीज एकदम सगळ्यांना देऊ नका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. अपडेटच्या व्याख्येत २१ फील्ड होती, पण संगणकावरचा कोड २० च किमती पुरवत होता. आधीच्या तपासणीत एकविसाव्या जागी ‘काहीही चालेल’ अशी खूण असल्याने ही तफावत झाकली गेली होती. ते अपडेट टप्प्याटप्प्याने गेलं असतं तर नुकसान फार कमी झालं असतं. आधी स्वतःची टीम, मग १ टक्का, मग १०, मग सगळे. प्रत्येक टप्प्यावर सेंट्री किंवा ग्राफाना अशा देखरेखीच्या टूलमध्ये एररचं प्रमाण बघायचं, आणि मागे फिरण्याची आज्ञा आधीच एकदा वापरून पाहिलेली असावी. कॉन्फिगरेशनलाही हाच नियम. लोक कोडला लावतात आणि कॉन्फिगरेशनला विसरतात.

एकही टेस्ट नसलेला प्रकल्प हातात आला तर

बहुतेकांची परिस्थिती हीच असते. सगळ्याला टेस्ट लिहायचा संकल्प करू नका, तो तडीस जात नाही. गिटच्या इतिहासातून गेल्या वर्षभरात सगळ्यात जास्त वेळा बदललेल्या दहा फाइली काढा आणि बगच्या स्प्रेडशीटशी ताडून पाहा. दोन्हीकडे येणाऱ्या दोन-तीन फाइली घ्या. कोड आज जे उत्तर देतो ते बरोबर की चूक याचा विचार न करता तसंच टेस्टमध्ये पकडून ठेवा, म्हणजे बदल करताना वागणूक हलली की लगेच कळेल. त्यानंतर नियम एकच: बग दुरुस्त करायचा तर आधी तो दाखवणारा लाल टेस्ट, मग दुरुस्ती. आणि दोन वर्षांत कुणी हात न लावलेली, निमूट चालणारी फाइल असेल तर तिला टेस्ट लिहिण्याच्या भानगडीत पडू नका.